बाइकच्या ठिणगीमागचा कारागीर

पेट्रोलवरची बाइक स्टार्ट केलीत की स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. ती पाडायला एक छोटी कॉइल मागे बसलेली असते. तिच्या खानदानाचा शोध घेत गेलात तर तुम्ही पॅरिसमधल्या एका वर्कशॉपमध्ये पोहोचाल, हाइनरिश रुमकॉर्फकडे.

जन्म 1803चा, जर्मनीतल्या हानोव्हरचा. डिग्री-बिग्री काही नाही. लहान वयात एका मेकॅनिककडे उमेदवारी केली, मग पॅरिस गाठलं आणि शास्त्रज्ञांसाठी उपकरणं बनवण्याचं स्वतःचं दुकान थाटलं.

1851 मध्ये त्याने आपली प्रसिद्ध इंडक्शन कॉइल बनवली. आता खरी गंमत ऐका. ही कल्पना त्याची नव्हतीच! आयर्लंडमधल्या निकोलस कॅलन या धर्मगुरूने 1836 मध्येच अशी कॉइल केली होती. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे, त्यावर बारीक तारेचे हजारो वेढे. जाड तारेतला करंट झटकन तोडला की बारीक तारेत प्रचंड व्होल्टेज तयार होतं.

मग रुमकॉर्फने वेगळं काय केलं? इन्सुलेशन. ऐकायला बोअरिंग वाटतं ना? पण सगळा खेळ तिथेच आहे. बारीक तार कित्येक किलोमीटर लांब, सगळी हाताने गुंडाळायची. तिच्या दोन थरांमध्ये कुठे एक कच्ची जागा राहिली, तर ठिणगी बाहेर पडायच्या ऐवजी आतच उडते आणि कॉइल जळते. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून रेशीम गुंडाळलेली तार आणि थरांवर शेलॅकचं व्हार्निश. नुसतं रेशीम ओल धरतं, त्याच्या धाग्यांमध्ये हवा राहते. व्हार्निश या फटी बुजवतं. शेलॅक म्हणजे आपली लाखच हो, बांगड्यांत वापरतात ती, शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवलेली.

पुढे अमेरिकेतल्या रिचीने बारीक तार लांबच लांब थरांऐवजी पातळ चकत्यांमध्ये गुंडाळली. त्यामुळे व्होल्टेजमध्ये मोठा फरक असलेले वेढे शेजारी येईनात आणि ठिणगी आणखी लांब गेली. रुमकॉर्फनेही ही पद्धत उचलली. पण 1864 मध्ये तिसऱ्या नेपोलियनचं 50,000 फ्रँकचं बक्षीस मिळालं ते रुमकॉर्फला. अमेरिकेत यावरून बरीच नाराजी झाली. चार्ल्स पेज या संशोधकाला तर 1868 मध्ये तिथल्या काँग्रेसने खास कायदा करून पेटंट मिळवून दिलं. मला विचाराल तर कॅलनवर जास्त अन्याय झाला, कारण त्याचं नाव आजही फारसं कुणी घेत नाही. पण रुमकॉर्फला फुकटचं श्रेय मिळालं असंही मी म्हणणार नाही. त्याची कॉइल लॅबमध्ये रोज वापरता यायची, ही काही छोटी गोष्ट नाही.

बक्षिसाचे पैसे त्याने विज्ञानासाठी आणि गरजूंसाठी वाटून टाकले, असं सांगतात. 1877 मध्ये पॅरिसमध्येच तो गेला. त्यानंतर दहा-अकरा वर्षांत हर्ट्झने रेडिओलहरी पकडल्या त्या रुमकॉर्फ कॉइलच्या ठिणगीवर. आणि 1895 मध्ये राँटगेनला एक्स-रे सापडले, तेव्हा त्याच्या नळीला वीज पुरवत होती तीही रुमकॉर्फ कॉइलच.