विश्लेषण : राष्ट्रगीत लिहिणारा व्यंगचित्रकार १९६७ नंतर का खचला? इजिप्तच्या सलाह जाहीन यांची गोष्ट

आफ्रिकेतील व्यंगचित्रकलेचा इतिहास सांगताना इजिप्तच्या सलाह जाहीन यांचे नाव टाळता येत नाही. ते व्यंगचित्रकार होते आणि बोलीभाषेतले कवीही. देशाचे राष्ट्रगीत त्यांच्या लेखणीतून उतरले. मात्र एका युद्धातील पराभवानंतर हा हसवणारा माणूस नैराश्यात गेला. नेमके काय घडले होते?

कोण होते सलाह जाहीन?

जाहीन यांचा जन्म २५ डिसेंबर १९३० रोजी कैरोच्या शुब्रा भागात झाला. वडील न्यायाधीश होते. जाहीन यांनी कायद्याच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला, पण मन रमले ते चित्रांत आणि कवितेत. १९५० च्या दशकात ते 'रोझ अल-युसुफ' साप्ताहिकात आले. याच संस्थेने १९५६ मध्ये तरुणांसाठी 'सबाह अल-खैर' हे साप्ताहिक सुरू केले आणि जाहीन त्याचा चेहरा बनले. पुढे ते त्याचे संपादकही झाले.

त्यांच्या व्यंगचित्रांत काय असायचे?

राजे आणि मंत्र्यांपेक्षा त्यांच्या चित्रांत सामान्य माणसे जास्त दिसत. त्यांच्या एका गाजलेल्या मालिकेतील कॅफेचे नावच 'उद्योगी कॅफे' असे होते आणि तिथे बसलेली माणसे मात्र दिवसभर काहीच करत नसत. कारकुनी दिरंगाई, नवरा-बायकोची भांडणे, खोटा मोठेपणा अशा विषयांवर ते मोजक्या रेषांत टिप्पणी करत. याच काळात जत्रेवर आधारित 'अल-लैला अल-कबीरा' हा बाहुल्यांचा संगीत खेळही त्यांनी लिहिला. संगीत सय्यद मक्कावी यांचे होते. इजिप्तमधील कित्येक पिढ्यांतील मुले हा खेळ पाहत मोठी झाली.

व्यंगचित्रावरून मोर्चा का निघाला?

१९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी बोलावलेल्या राष्ट्रीय परिषदेत धर्मपंडित शेख मुहम्मद अल-गझाली यांनी स्त्रियांच्या पोशाखावर बंधने घालण्याची मागणी केली. जाहीन यांनी 'अल-अहराम' या दैनिकात त्यावर लागोपाठ व्यंगचित्रे काढली. शेख संतापले. शुक्रवारच्या नमाजानंतर निघालेला मोर्चा थेट 'अल-अहराम'च्या कार्यालयावर धडकला.

राष्ट्रगीत कसे झाले?

१९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला. त्या वेळी जाहीन यांनी लिहिलेले युद्धगीत कमाल अल-तवील यांनी संगीतबद्ध केले आणि उम्म कुल्थुम यांनी गायले. १९६० पासून १९७९ पर्यंत तेच राष्ट्रगीत होते. अब्देल हलीम हाफेझ यांच्यासाठीही जाहीन यांनी क्रांतीची गाणी लिहिली. धरणे, कारखाने, नवा समाज असे सारे स्वप्न या गाण्यांतून घराघरांत पोहोचले.

१९६७ नंतर काय बदलले?

जून १९६७ मध्ये सहा दिवसांच्या युद्धात इजिप्तने सिनाई गमावले. नासर यांनी राजीनामा जाहीर केला, पण लोक रस्त्यावर उतरल्याने दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला. जाहीन यांना मात्र या धक्क्यातून सावरता आले नाही. आपण लोकांना ज्या विजयाची गाणी दिली तो विजय आलाच नाही, ही बोच त्यांच्या मनात राहिली. त्यांनी क्रांतीची गाणी लिहिणे सोडले. १९७० मध्ये इस्रायली विमानांनी बह्र अल-बकर गावातील शाळेवर बॉम्ब टाकले. त्यात मुले मारली गेली. तेव्हा जाहीन यांनी पुन्हा गीत लिहिले, पण ते शोकाचे. गायिका होत्या शादिया.

त्याच वर्षी नासर यांचे निधन झाले. त्यानंतर जाहीन सिनेमाकडे वळले. १९७२ मधील 'खल्ली बालक मिन झूझू' या चित्रपटाचे संवाद आणि गाणी त्यांची होती. नर्तकीच्या मुलीची ही गोष्ट सुआद होस्नी यांच्यामुळे गाजली आणि कैरोत वर्षाहून अधिक काळ चालली. देश दुःखात असताना असा हलकाफुलका सिनेमा का, अशी टीकाही झाली.

आज त्यांची आठवण का?

२१ एप्रिल १९८६ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी जाहीन यांचे निधन झाले. सरकारी स्वप्नांचा प्रचार करणारे कलावंत अनेक देशांत होऊन गेले. स्वप्न मोडल्यावर त्याचा हिशेब स्वतःकडे मागणारे थोडे असतात. जाहीन त्यांपैकी एक होते. २०११ च्या उठावात तहरीर चौकात त्यांची जुनी गाणी पुन्हा वाजली. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्म जाहीन यांच्या निधनानंतरचा होता.