एल्साला जंगल परत देणारी जॉय

हल्ली आपल्याकडचीही बरीच मंडळी केनियाच्या टूरला जातात. पहाटे गरम चहा घेऊन निघायचं, वर उघडणाऱ्या टपाच्या गाडीत उभं राहून दिवसभर झेब्रे, जिराफ, हत्ती बघत हिंडायचं. सिंह दिसला की गाडीत एकदम चिडीचूप! फक्त कॅमेऱ्यांचा आवाज. पण मैत्रिणींनो, एके काळी गोऱ्या साहेबांची सफारी म्हणजे बंदूक घेऊन केलेली शिकार असायची. केनियात शिकारीवर बंदी आली ती १९७७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, सिंहाकडे बघण्याची जगाची नजर बदलायला एका बाईने सुरुवात केली होती. ती जॉय अ‍ॅडमसन.

जॉयचा जन्म २० जानेवारी १९१० चा. गाव ट्रोपाऊ, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आज चेक प्रजासत्ताकातलं ओपावा. आईवडील वेगळे झाले आणि ती आजीकडे वाढली. पियानो शिकली, शिल्पकला शिकली, पण जीव कशातच रमेना. १९३७ मध्ये ती केनियाला आली आणि तिथलीच होऊन गेली. पहिला संसार मोडला. दुसरे पती पीटर बॅली वनस्पतींचे अभ्यासक. त्यांच्याबरोबर हिंडताना ती रानफुलांची चित्रं काढायला लागली. तोही संसार टिकला नाही. १९४४ मध्ये तिने जॉर्ज अ‍ॅडमसनशी लग्न केलं. जॉर्ज केनियाच्या उत्तर भागात वन्यप्राण्यांच्या रक्षणाचं काम बघत. पुढे जॉयने तिथल्या जमातींच्या माणसांचीही शेकडो चित्रं काढली.

१ फेब्रुवारी १९५६. जॉर्जवर एक सिंहीण चालून आली आणि त्यांना गोळी झाडावी लागली. मग लक्षात आलं, ती बिचारी आपल्या पिल्लांसाठी धावून आली होती. खडकाच्या कपारीत तीन इवलीशी पिल्लं सापडली. जॉयने त्यांना दूध पाजून वाढवलं. पुढे दोघींना हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. सगळ्यात लहान ती राहिली. तिचं नाव एल्सा.

सिंहिणीला लाडाने वाढवणं एक वेळ जमेल. जॉयने त्याहून अवघड काम हाती घेतलं. एल्साला पिंजऱ्यात धाडायचं नाही, घरातही ठेवायचं नाही, तिचं जंगल तिला परत द्यायचं. पण शिकार करायला शिकवणारी आई कुठून आणायची? पहिल्या जागेची हवा एल्साला मानवली नाही, ती आजारी पडली. मग तिला मेरूच्या जंगलात नेलं. काही दिवस तिला एकटीला सोडून दूर जायचं, परत येऊन बघायचं. ती उपाशी दिसली की जॉयचा जीव तुटायचा. पण हळूहळू एल्सा आपली आपण शिकार करायला लागली. डिसेंबर १९५९ मध्ये तिला तीन पिल्लं झाली आणि काही आठवड्यांनी ती त्यांना घेऊन जॉयच्या तळावर आली! जॉयने मात्र त्यांना माणसाळवायचं नाही असं ठरवलं.

मी बायकांच्या बचत गटांत काम करते. कुणाला मदत करताना ती बाई आपल्यावरच अवलंबून राहणार नाही ना, हा प्रश्न मला सतत सतावतो. तिला आपली गरज उरू नये, हेच तर आपल्या कामाचं यश. पण ते पचवणं किती जड जातं, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

१९६० मध्ये जॉयचं 'बॉर्न फ्री' पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. १९६६ मध्ये त्यावर सिनेमा निघाला. पुस्तकांचा पैसा तिने वन्यप्राण्यांच्या कामाला दिला. पण सगळं गोड झालं नाही. जानेवारी १९६१ मध्ये गोचिडीमुळे होणाऱ्या तापाने एल्सा गेली. पोरकी पिल्लं गावकऱ्यांच्या शेळ्या मारायला लागली. ज्यांचं पोट त्या जनावरांवर, ते चिडणारच. शेवटी पिल्लांना पकडून सेरेंगेटीत सोडावं लागलं. जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसांचा विचार केल्याशिवाय सिंह वाचत नाही, हेही या कथेतूनच शिकायचं.

जॉय स्वभावाने तापट होती. माणसांशी तिचं फारसं जमत नसे. पुढे जॉर्जपासूनही ती वेगळी राहायची. पण तिने काम सोडलं नाही. पिप्पा नावाची चित्ता मादी आणि नंतर पेनी नावाची बिबट्या मादी, दोघींना तिने जंगलात परत नेलं. ३ जानेवारी १९८० रोजी शाबा अभयारण्यात तिचा मृत्यू झाला. आधी वाटलं, सिंहाने मारलं. तपासात निघालं, वार माणसाचा होता. कामावरून काढलेल्या एका मजुराला त्यासाठी शिक्षा झाली.

आयुष्यभर हिंस्र म्हटल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या सोबत ती निर्धास्त वावरली, आणि घात केला तो माणसाने. केनियाला जाणाऱ्या मैत्रिणींनो, सिंह दिसला तर फोटो जरूर काढा. पण एक मिनिट कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. त्याला आपली काहीच गरज नाही, यातच त्याचं सगळं ऐश्वर्य आहे. जॉयने एल्साला तेच तर परत मिळवून दिलं.