बोट सेम टू सेम, मग जिंकतो कोण?

शिरूरची घोड असो की दौंडची भीमा, नदी म्हटलं की आपल्याला ऊस, बंधारे आणि उजनीचं बॅकवॉटर आठवतं. शिडाच्या बोटींची रेस काही आठवत नाही. पण एनसीसीच्या नेव्हल विंगमधला कुणी मित्र असेल तर त्याला ‘एंटरप्राइझ’बद्दल विचारून बघा. निळ्या शिडांची ही दोघांची बोट डिझाइन केली जॅक होल्ट यांनी.

होल्ट १९१२ साली इंग्लंडमध्ये जन्मले. लंडनला, थेम्सकाठी बोटी बांधणं हा त्यांचा धंदा. तेव्हा सेलिंग म्हणजे पैसेवाल्यांचा शौक. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात न उकलणारं प्लायवुड मिळू लागलं आणि होल्ट यांनी ते बरोबर हेरलं. लाकूड वाकवत बसण्यापेक्षा प्लायच्या फळ्या कोनात जोडायच्या, म्हणजे हौशी माणूसही घरी बोट बांधू शकेल! १९४७ मध्ये मुलांसाठी ‘कॅडेट’ आली, १९४९ मध्ये ‘जीपी फोर्टीन’ आणि १९५६ मध्ये सव्वातेरा फुटी ‘एंटरप्राइझ’. तिच्यामागे ‘न्यूज क्रॉनिकल’ हे वर्तमानपत्र होतं. पेपर १९६० मध्ये बंद पडला, बोट मात्र चालत राहिली.

ती टिकली कशी? या बोटी ‘वन डिझाइन’. म्हणजे सगळ्यांचा आकार, शिडं आणि किमान वजन ठरलेलं. जिंकायचं ते वारा ओळखून. पण पुढे फायबरग्लास आलं आणि पेच पडला. नवं काहीच घेतलं नाही तर क्लास जुनाट होऊन संपणार. सगळंच घेतलं तर जुन्या बोटी भंगारात आणि खिसा गरम असेल तोच पुढे. एंटरप्राइझने मधली वाट काढली. आधी लाकूड, मग फायबरग्लास, मग फोम सँडविच असं मटेरियल बदललं, आकार तोच ठेवला.

१९८२ च्या दिल्ली आशियाडचं सेलिंग मुंबईच्या समुद्रात झालं. एंटरप्राइझमध्ये सुवर्णपदक जिंकलं कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोने.

त्याआधी, साठच्या दशकात, होल्ट यांनी बॅरी बकनेल यांच्यासोबत ‘मिरर’ आणली होती. तांब्याच्या तारेने प्लाय शिवायचा आणि सांधे फायबरग्लासच्या पट्टीने बंद करायचे. अशा ७० हजारांहून जास्त बोटी झाल्या.

होल्ट १९९५ मध्ये गेले. बोट सगळ्यांना परवडावी आणि रेस सगळ्यांना सारखी असावी, एवढं साधं गणित त्यांनी मांडलं. नियम बदलताना क्लासवाल्यांना आजही तेच सोडवावं लागतं.