अग्निबाणाचा उपासक

दिवाळीची रात्र आहे. रोह्याजवळच्या धाटाव गावी, कुंडलिका नदीच्या काठी मुले बाण उडवीत आहेत. बाटलीत उभा केलेला बाण वात पेटताच सूं करून झेपावतो, क्षणभर आकाशात चमकतो आणि विझून काळोखात कोठेतरी पडतो. हा बाण वर कसा जातो? त्याच्या नळीत ठासलेली दारू जळते. तिच्यापासून निर्माण होणारा तप्त वायू खालच्या तोंडातून वेगाने बाहेर पडतो आणि तितक्याच जोराने बाण वर ढकलला जातो. तोंड न बांधता सोडलेला फुगा खोलीभर धावतो, तोही याच नियमाने. या साध्या खेळण्याच्या आधारे मनुष्य पृथ्वीच्या वातावरणापलीकडे जाऊ शकेल, असा ध्यास ज्यांनी घेतला व त्यासाठी लोकांचा उपहास सोसला, त्या थोर शास्त्रज्ञाचे नाव रॉबर्ट गोडार्ड.

रॉबर्टचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर या गावी झाला. त्याची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. आजारपणामुळे शाळा वरचेवर बुडे. तो आपल्या सोबत्यांच्या दोन वर्षे मागे पडला. परंतु अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने पुष्कळ वाचन केले. वडिलांनीही त्याच्या जिज्ञासेला सदैव उत्तेजन दिले.

१९ ऑक्टोबर १८९९ हा दिवस त्याच्या आयुष्यात अविस्मरणीय ठरला. सतरा वर्षांचा रॉबर्ट वाळलेल्या फांद्या तोडण्यासाठी घरामागील चेरीच्या झाडावर चढला होता. फांदीवर बसून आकाशाकडे पाहत असता, मंगळापर्यंत पोहोचणारे एखादे यंत्र बनविता आले तर, असा विचार त्याच्या मनात आला. तो झाडावरून उतरला, तेव्हा त्याला जीवनाचे ध्येय सापडले होते. पुढे जन्मभर दरवर्षी तो दिवस गोडार्ड यांनी एखाद्या सणासारखा मानला.

पदार्थविज्ञानाचा कसून अभ्यास करून त्यांनी १९११ मध्ये क्लार्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. दोनच वर्षांनी क्षयाने त्यांना गाठले. डॉक्टरांनी आशा सोडली. पण गोडार्ड यांनी धीर सोडला नाही. या दुखण्यातून उठल्यावर, १९१४ मध्ये, त्यांनी दोन शोधांचे एकस्व मिळविले. एका बाणावर दुसरा बाण बसवून अधिक उंची गाठण्याची कल्पना पहिल्यात होती, तर दारूऐवजी द्रवरूप इंधन वापरण्याची कल्पना दुसऱ्यात होती.

हवा नसलेल्या ठिकाणी बाण चालेल काय, हा खरा प्रश्न होता. गोडार्ड यांनी एका नळीतील हवा काढून घेऊन तीत बाणाची परीक्षा घेतली. बाणाला मिळणारा धक्का जराही उणावला नाही. आपल्या संशोधनाचा त्यांनी एक प्रबंध लिहिला. चंद्रापर्यंतही बाण पाठविता येईल, असे त्यात गणिताने दाखविले होते. तो प्रसिद्ध होताच जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने त्यांची थट्टा केली. जेथे रेटा द्यायला हवाच नाही तेथे बाण चालणार कसा, हे शाळकरी मुलालाही कळते, असा त्या लेखाचा आशय होता. गोडार्ड यांच्या मनाला हे फार लागले. तथापि वादात शक्ती न दवडता ते पुन्हा प्रयोगशाळेकडे वळले.

अखेर १६ मार्च १९२६ हा दिवस उजाडला. ऑबर्न येथील एका शेतात बर्फ पसरले होते. गोडार्ड, त्यांच्या पत्नी एस्थर आणि दोन साहाय्यक, एवढेच लोक तेथे हजर होते. लोखंडी चौकटीत सुमारे दहा फूट उंचीचा एक विचित्र सांगाडा उभा होता. वरच्या टोकाला ज्वलनकक्ष, खाली पेट्रोलची व अतिशीत द्रवरूप प्राणवायूची टाकी, आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या! एका साहाय्यकाने लांब काठीच्या टोकावरील ज्योतीने तो पेटविला. क्षणभर तो जागच्या जागी गर्जत राहिला. मग सावकाश उठला आणि एकाएकी झेपावला. अडीच सेकंदांत ४१ फूट उंची गाठून तो १८४ फुटांवर जाऊन आदळला. दिवाळीतला बाण याहून उंच जातो! पण द्रवरूप इंधनावर उडालेला जगातील तो पहिला अग्निबाण होता. गोडार्ड यांनी उंचीकडे पाहिले नाही. आपले तत्त्व खरे ठरले, यातच त्यांना समाधान होते.

पुढील वाट सोपी नव्हती. १९२९ मधील एका उड्डाणाचा आवाज ऐकून विमान कोसळले, असे शेजाऱ्यांना वाटले आणि तेथील प्रयोग बंद करावे लागले. तेव्हा प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी खटपट करून त्यांना धनसाहाय्य मिळवून दिले. १९३० मध्ये गोडार्ड न्यू मेक्सिकोतील रॉझवेलच्या ओसाड माळावर गेले. तेथे कित्येक बाण फुटले, कित्येक वाकडे गेले. प्रत्येक अपयशाची ते काळजीपूर्वक नोंद करीत व दोष काढून टाकीत. वेगाने फिरणारा भोवरा सहसा कलत नाही, या गुणाचा उपयोग करून त्यांनी बाणाला सरळ मार्गावर ठेवले. १९३७ मध्ये त्यांचा एक बाण सुमारे २७०० मीटर उंच गेला. आपल्या कळसूबाई शिखराची उंची १६४६ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाची कल्पना येईल.

उपहासाच्या अनुभवामुळे म्हणा, की स्वभावामुळे म्हणा, ते आपले संशोधन फारसे कोणास सांगत नसत. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मोल त्यांच्या हयातीत थोड्यांनाच कळले. १० ऑगस्ट १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

जुलै १९६९ मध्ये तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले. त्यांना नेणारा अग्निबाण द्रवरूप इंधनावरच चालला होता. ते वाटेत असतानाच न्यूयॉर्क टाइम्सने आपली एकोणपन्नास वर्षांपूर्वीची चूक छापून मान्य केली. २०२३ मध्ये आपले चांद्रयान-३ ज्या अग्निबाणाने नेले, त्यातही द्रवरूप इंधनाचा भाग होता. बर्फाळ शेतात ४१ फूट उडालेल्या त्या बाणाची झेप अशी चंद्रापर्यंत पोहोचली. लोक हसले म्हणून सत्य खोटे ठरत नाही. मात्र ते सिद्ध करण्यासाठी अखंड परिश्रम करावे लागतात, हेच गोडार्ड यांचे जीवन आपल्याला शिकविते.