सॅल्मन पी. चेस

सॅल्मन पोर्टलँड चेस (१३ जानेवारी, १८०८ – ७ मे, १८७३) हे अमेरिकेचे राजकारणी, अर्थमंत्री आणि सरन्यायाधीश होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात त्यांच्या खात्याने कोषागाराच्या नोटा मोठ्या प्रमाणावर काढल्या. पुढे सरन्यायाधीश या नात्याने त्यांनी त्यांपैकीच एका प्रकाराविरुद्ध निकाल दिला.

पूर्वायुष्य

चेस यांचा जन्म न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉर्निश येथे झाला. १८२६ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर त्यांनी पुढे सिनसिनाटी येथे वकिली केली. पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने त्यांनी अनेक खटले लढविले. ते सिनेटचे सदस्य आणि ओहायोचे गव्हर्नर होते.

कोषागार नोटा

मार्च १८६१ मध्ये अब्राहम लिंकन यांनी त्यांना अर्थमंत्री नेमले. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. खर्च भागविण्यासाठी त्या वर्षी दोन प्रकारच्या नोटा निघाल्या. तीन वर्षे मुदतीच्या कोषागार नोटांवर ७.३० टक्के, म्हणजे शंभर डॉलरमागे रोज दोन सेंट व्याज मिळे. हे सरकारने जनतेकडून घेतलेले कर्ज होते. मागणी नोटांवर व्याज नव्हते, परंतु त्या देताच सोने मिळत असे. वर्षअखेरीस सरकारला सोने देणे थांबवावे लागले.

२५ फेब्रुवारी, १८६२ च्या कायद्याने १५ कोटी डॉलरच्या, सोन्यात न बदलणाऱ्या नोटांना मंजुरी मिळाली. मागील बाजूच्या हिरव्या रंगामुळे त्यांना ‘ग्रीनबॅक’ म्हणत. खाजगी देण्यांसाठी त्या स्वीकारणे बंधनकारक होते. या सक्तीस चेस यांनी नाइलाजाने संमती दिली. एक डॉलरच्या नोटेवर त्यांचेच चित्र होते. जुलै १८६४ मध्ये या डॉलरची किंमत सोन्याच्या ४० सेंटपेक्षाही खाली गेली.

सरन्यायाधीश

जून १८६४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले व डिसेंबरमध्ये ते सरन्यायाधीश झाले. कायद्यापूर्वीचे कर्ज ग्रीनबॅकमध्ये घेण्याची सक्ती घटनाबाह्य असल्याचा बहुमताचा निकाल त्यांनी १८७० मध्ये लिहिला. दोन नवे न्यायाधीश आल्यावर १८७१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरविला. चेस विरोधात राहिले.

न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. १९२८ च्या मालिकेतील दहा हजार डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. अमेरिकेत आज कोषागार नोट म्हणजे दोन ते दहा वर्षे मुदतीचा, व्याज देणारा सरकारी कर्जरोखा होय.