‘संरक्षक’ कोठडीतील सात वर्षे

२ मार्च १९३८. बर्लिनच्या विशेष न्यायालयाने मार्टिन निमोलर या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाच्या खटल्याचा निकाल दिला. शिक्षा होती सात महिन्यांची कैद आणि दंड. खटला सुरू होण्याची वाट पाहत निमोलर यांनी आठ महिने मोआबित तुरुंगात काढलेच होते. शिक्षा भोगून झाली होती आणि न्यायालयाच्या लेखी ते मोकळे होते. बर्लिनच्या दाहलेम उपनगरात पत्नी एल्से आणि सात मुले त्यांची वाट पाहत होती. निमोलर मात्र त्या दिवशी घरी पोहोचले नाहीत. न्यायालयाच्या निकालाला न जुमानता गेस्टापोने त्यांना पुन्हा ताब्यात घेतले आणि शहराबाहेरच्या साक्सेनहाउसेन छळछावणीत नेऊन एकांत कोठडीत डांबले. कागदोपत्री या कारवाईला नाव होते ‘संरक्षक कोठडी’.

हा शब्द नाझींनी घडवला नव्हता. ज्याच्या जिवाला जमावापासून धोका आहे, त्याला काही काळ पोलिसांच्या आश्रयाला ठेवावे, असा त्याचा जुना अर्थ होता. २७ फेब्रुवारी १९३३ रोजी जर्मन संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी निघालेल्या आणीबाणीच्या हुकुमाने व्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी स्थगित झाली. तेव्हापासून संरक्षण व्यक्तीचे न राहता राजवटीचे झाले. आरोपपत्र नको, मुदत नको, अपील नको. १९३६च्या कायद्याने गेस्टापोचे हुकूम प्रशासकीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले आणि उरलासुरला मार्गही बंद केला. शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख तरी ठाऊक असते; ‘संरक्षित’ कैद्याला तेवढाही आधार नव्हता.

या कोठडीत येऊन पडलेला माणूस नाझींचा जन्मजात विरोधक नव्हता. १४ जानेवारी १८९२ रोजी लिपश्टाट येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेले निमोलर तरुणपणी कैसरच्या नौदलात दाखल झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत ते एका पाणबुडीचे कप्तान होते. पराभवानंतर आलेले प्रजासत्ताक त्यांना कधीच रुचले नाही. काही काळ शेतावर राबून ते धर्मशास्त्राकडे वळले, १९२४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली आणि १९३१ मध्ये ते दाहलेमच्या प्रतिष्ठित चर्चमध्ये आले. त्या काळातील अनेक राष्ट्रवादी जर्मनांप्रमाणे त्यांनीही नाझी पक्षाला मत दिले होते. हिटलरच्या सत्ताग्रहणाचे त्यांनी स्वागतच केले.

ठिणगी पडली ती चर्चच्या अंगणात. १९३३ मध्ये ज्यू वंशाच्या धर्मोपदेशकांना पदावरून दूर करण्याचा नियम प्रशियाच्या चर्चने स्वीकारला. त्याविरुद्ध निमोलर यांनी धर्मोपदेशकांची संघटना उभारली आणि काही महिन्यांतच सुमारे ७,००० जण तिचे सदस्य झाले. त्यांचा हा लढा चर्चच्या स्वायत्ततेसाठी होता, ज्यूंच्या नागरी हक्कांसाठी नव्हता. ज्यूंविषयीच्या तत्कालीन पूर्वग्रहांपासून ते स्वतःही मुक्त नव्हते. २५ जानेवारी १९३४ रोजी हिटलरने चर्चच्या नेत्यांना भेटीला बोलावले. तेथे गोरिंगने निमोलर यांच्या दूरध्वनीवरील संभाषणाचा गुप्तपणे नोंदवलेला मजकूरच वाचून दाखवला. त्यानंतरही व्यासपीठावरून त्यांची टीका सुरूच राहिली. १ जुलै १९३७ रोजी त्यांना अटक झाली.

साक्सेनहाउसेनमध्ये मुख्य छावणीपासून भिंतीने वेगळी केलेली, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची एक बैठी इमारत होती. तिच्यात ८० कोठड्या होत्या. निमोलर येथे हिटलरचे व्यक्तिगत कैदी म्हणून राहिले. छावणीतल्या हजारोंना मिळत असलेली मारहाण आणि कष्टाची कामे त्यांच्या वाट्याला आली नाहीत. जगाचे लक्ष त्यांच्यावर होते. इंग्लंडमध्ये बिशप जॉर्ज बेल त्यांचा विषय मागे पडू देत नव्हते, तर डिसेंबर १९४० मध्ये अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. त्यांच्या वाट्याला आला तो बंद दरवाजा. दिवसचे दिवस त्याच चार भिंती, थोडा वेळ एकट्याने फेऱ्या, तपासून दिलेली मोजकी पत्रे आणि पहाऱ्यात होणारी पत्नीची अल्पकाळची भेट. बाहेरच्या आवारात इतर कैद्यांना शिक्षा दिल्या जात आणि आत बसलेल्या माणसाला त्याची जाणीव असे.

या एकांताने निमोलर यांना हादरवून टाकले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच या माजी कप्तानाने नौदलात परत घेण्याची विनंती कोठडीतूनच केली. ज्या राजवटीने डांबले तिच्यासाठीच लढण्याची ही तयारी त्यांच्या चाहत्यांना पुढे अनेक वर्षे बोचत राहिली. विनंती फेटाळली गेली. याच काळात कॅथलिक पंथ स्वीकारावा का, या विचाराने त्यांना घेरले. एल्से आणि निकटचे सहकारी त्यामुळे अस्वस्थ झाले. माणसांपासून तुटलेले मन कुठेतरी आधार शोधत होते, एवढे मात्र त्यातून दिसते. अखेर त्यांनी पंथ बदलला नाही.

जुलै १९४१ मध्ये त्यांना डाखाउच्या छावणीत हलवण्यात आले. तेथे तीन कॅथलिक धर्मगुरूंचा सहवास मिळाला आणि सव्वातीन वर्षांहून अधिक काळाचा एकांत संपला. १९४४च्या नाताळात निमोलर यांनी निरनिराळ्या देशांच्या मूठभर कैद्यांपुढे प्रवचन केले. सात वर्षांहून अधिक काळानंतर त्यांच्यासमोर पुन्हा श्रोते बसले होते. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे १४० खास कैद्यांना दक्षिण टिरोलकडे नेण्यात आले. आपल्याला जिवंत सोडले जाणार नाही, अशी भीती सर्वांच्या मनात होती. एप्रिल १९४५च्या अखेरीस जर्मन लष्कराच्याच एका तुकडीने एसएसच्या पहाऱ्यातून त्यांना सोडवले. त्यानंतर अमेरिकन सैनिक तेथे पोहोचले.

जगाला एक निष्कलंक हुतात्मा हवा होता. निमोलर तसे निघाले नाहीत. जून १९४५ मध्ये नेपल्स येथे पत्रकारांशी बोलताना आपला विरोध राजकीय नव्हता, धर्माच्या प्रश्नावर होता, अशी कबुली त्यांनी दिली, तेव्हा अमेरिकेत टीकेची झोड उठली.

खरी कसोटी पुढेच होती. त्याच वर्षी ते एल्सेसह पुन्हा डाखाउला गेले. दहनभट्टीजवळच्या फलकावर १९३३ ते १९४५ अशी वर्षे लिहिलेली होती. १ जुलै १९३७ पासून पुढच्या वर्षांचा जाब देण्यास आपल्याजवळ कोठडीचा पुरावा आहे. परंतु त्याआधीची चार वर्षे आपण मोकळे असताना कोठे होतो, या प्रश्नाला उत्तर नाही, हे त्यांना तेथे उमगले. कम्युनिस्टांना याच ‘संरक्षक’ कोठडीत नेले जात होते, तेव्हा ते गप्प राहिले होते. हा प्रसंग ते पुढे सभासभांतून सांगत राहिले आणि त्या सांगण्यातूनच मौनाविषयीची त्यांची जगप्रसिद्ध कबुली आकाराला आली. ऑक्टोबर १९४५ मधील श्टुटगार्टच्या अपराध-कबुलीनाम्यावर त्यांची स्वाक्षरी आहे. दोषाचा हा उच्चार अनेक देशबांधवांना रुचला नाही. तरीही त्यांनी तो सोडला नाही.

१९४७ ते १९६४ या काळात त्यांनी हेसे-नासाउ प्रांतातील चर्चचे अध्यक्षपद सांभाळले. एकेकाळचा पाणबुडी कप्तान अण्वस्त्रांचा कडवा विरोधक बनला. १९६१ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात परिषदेच्या अध्यक्षांपैकी एक म्हणून त्यांची निवड झाली. कोठडीच्या दाराशी येत राहिलेल्या एल्से त्याच वर्षी मोटार अपघातात मरण पावल्या. ६ मार्च १९८४ रोजी वयाच्या ९२व्या वर्षी वीसबाडेन येथे निमोलर यांचे निधन झाले.

साक्सेनहाउसेनच्या त्या इमारतीचा एकच भाग आज स्मारक म्हणून शिल्लक आहे. तेथल्या कैद्यांना आत आणणाऱ्या हुकुमांवर शब्द होता संरक्षणाचा. त्या शब्दाला हरकत घेण्याचा काळ १९३३ हाच होता, हे निमोलर यांना बंद दाराआडून बाहेर आल्यावर कळले आणि उरलेले आयुष्य ते हेच सांगत राहिले.