रिकाम्या बाटलीने लावलेलं वेड

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत स्वीडनकडून एक तरुण धावला. मेडल काही मिळालं नाही. पण बायोलॉजीत आपण जे ‘सायटोकायनिन’ हार्मोन पाठ करतो, त्याच्या शोधामागे हाच धावपटू आहे : फोल्के स्कूग.

१९०८ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेले स्कूग तरुणपणीच अमेरिकेत आले आणि १९४७ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात रमले. झाडाच्या पेशीला ‘आता विभागा’ असं कोण सांगतं, हा त्यांचा प्रश्न. तंबाखूच्या खोडाचे तुकडे वाढवताना त्यांच्या प्रयोगशाळेत कार्लोस मिलर यांनी हेरिंग माशाच्या शुक्राणूंमधल्या डीएनएची जुनी बाटली वापरून पाहिली. पेशी भराभर विभागू लागल्या! बाटली संपली, नवी आणली, तर काहीच घडेना.

बरेच जण इथेच नाद सोडतील. या टीमने ताजा डीएनए दाबाखाली तापवला आणि जादू परतली. म्हणजे करामत डीएनएची नव्हती, तो मोडताना तयार होणाऱ्या पदार्थाची होती. १९५५ मध्ये त्याचं नाव ठरलं कायनेटिन.

मग जिवंत पेशीत असं काही असतं का? १९६६ मध्ये स्कूग आणि सहकाऱ्यांना सायटोकायनिनचा गुण चक्क टी-आरएनएत सापडला. टी-आरएनए म्हणजे प्रोटीन बनताना अमिनो आम्लं पोचवणारा पेशीतला डिलिव्हरी बॉय. कोडॉन वाचणारी त्याची जी तीन अक्षरं असतात, त्यांना अगदी खेटून हा बदललेला घटक बसतो. तोही सगळ्या टी-आरएनएत नाही, ठरावीकच. त्यामुळे वाचन नीट होतं. गंमत म्हणजे तो बॅक्टेरिया, यीस्ट आणि प्राण्यांतही आहे, म्हणजे तिथे त्याचं काम हार्मोनचं नाहीच!

मग टी-आरएनए हीच हार्मोनची फॅक्टरी का? तितकं सोपं नाही. टी-आरएनए मोडल्यावर थोडं सायटोकायनिन सुटतं, पण झाडं बरंचसं वेगळ्या वाटेने बनवतात.

स्कूग २००१ मध्ये गेले. पण १९६२ मध्ये तोशिओ मुराशिगे यांच्यासोबत त्यांनी बनवलेलं ‘एमएस’ माध्यम आजही जगभरच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये रोज वापरलं जातं. आपल्या जळगावच्या शेतात टिश्यू कल्चरची केळी डोलताना दिसली, तर त्या संपलेल्या बाटलीची आठवण नक्की काढा.